रॅपरवर लेख लिहिताय? जन्मगावापासून बीटपर्यंत माहिती तपासायचा क्रम

गेल्या गणपतीत कुडाळ-मालवण पट्ट्यातल्या चार मंडळांच्या स्मरणिका माझ्याकडे मुद्रितशोधनाला आल्या. त्यातल्या तिघांत रॅपरवर लेख होता. तिन्ही मनापासून लिहिलेले, आणि तिन्हींत जन्मगाव, पहिल्या गाण्याचं साल किंवा व्ह्यूजचा आकडा यांतलं काही ना काही चुकलेलं. लिहिणाऱ्या मुलांनी कष्ट कमी घेतले नव्हते. एकाने तर दहा ठिकाणी पाहून खात्री केली होती. पण ती दहाही ठिकाणं एकाच इन्स्टाग्राम पोस्टवरून उतरवलेली होती. म्हणजे साक्षीदार एकच, फक्त दहा तोंडांनी बोलणारा.

म्हणून मी वापरतो तो क्रम इथे लिहून देतो. गावातल्या नवख्या पोरासाठी आणि नावाजलेल्या रॅपरसाठी तो सारखाच चालतो. दोन पानी लेखाला दोन संध्याकाळी आणि एक सबंध सकाळ हाताशी ठेवा. क्रम मात्र मोडू नका. बहुतेक जण मुलाखतीपासून सुरुवात करतात, आणि तिथेच घोटाळा होतो.

## तयारी: वाक्य फोडा, तक्ता आखा

आधी आपल्या कच्च्या मजकुरातलं एक वाक्य घ्या. समजा, "देवगडच्या या तरुणाने २०१८ मध्ये स्वतः संगीतबद्ध केलेल्या पहिल्याच मालवणी रॅपने १० लाख व्ह्यूज मिळवले." वाचायला एक वाक्य, पण आत सहा दावे आहेत: तो देवगडचा आहे, साल २०१८ आहे, संगीत त्याचं आहे, हे त्याचं पहिलं गाणं आहे, भाषा मालवणी आहे, व्ह्यूज १० लाख आहेत. सहाही वेगवेगळे तपासायचे. पाच बरोबर आले म्हणून सहावा बरोबर धरायचा नाही.

वहीत किंवा मोबाईलवरच्या तक्त्यात पाच रकाने आखा: दावा, कुठे वाचला, मूळ पुरावा, कोणी आणि कधी सांगितलं, खूण. खुणा तीनच. मूळ पुरावा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला तर हिरवी. रॅपर स्वतः सांगतो पण कागद नाही, तर पिवळी. इकडून तिकडून ऐकलं असेल तर लाल. पिवळा मजकूर "तो सांगतो" असं म्हणून छापता येतो. लाल मजकूर छापायचा नाही, कितीही रंगतदार असला तरी.

जे पान पाहाल त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि शेजारी दुवा, तारीख, वेळ लिहा. इन्स्टाग्रामची स्टोरी २४ तासांत जाते. यूट्यूबच्या व्हिडिओचं नाव आणि वर्णन मालकाला कधीही बदलता येतं.

## टप्पा १: माणूस तोच आहे ना?

रॅपमध्ये रंगनाव चालतं, त्यामुळे दोन माणसं एक होतात आणि एका माणसाची दोन होतात. २०२४ च्या 'तांबडी चामडी' या गाण्यावर संगीतकार क्रेटेक्सबरोबर 'श्रेयस' असं नाव आहे, ते श्रेयस सागवेकर. 'किंग जेडी' या नावाने मराठी रॅप करणारे श्रेयश जाधव वेगळे. एका अक्षराचा फरक, आणि एकाचं गाणं दुसऱ्याच्या खात्यात जमा झालेलं मी वाचलं आहे.

आडनावाचीही तीच गत. नेझी म्हणजे नावेद शेख, एमीवे बंटाय म्हणजे बिलाल शेख, एमसी स्टॅन म्हणजे अल्ताफ शेख. आडनाव एक म्हणून नातं लावून मोकळं व्हायचं नाही.

खातं खरं आहे का हे निळ्या खुणेवरून ठरवू नका. इन्स्टाग्रामची निळी खूण भारतात २०२३ पासून पैसे भरूनही मिळते. त्यापेक्षा उलटसुलट दुवे पाहा. यूट्यूब चॅनेलवरून इन्स्टाग्रामवर जा, तिथून परत चॅनेलवर या. दोन्हींकडून वाट जुळली पाहिजे. इन्स्टाग्रामवर 'या खात्याबद्दल' मध्ये खातं कधी उघडलं तेही पाहून घ्या. गाणी ऐकायच्या ॲपवर सारख्या नावाच्या दोन कलाकारांची गाणी एकाच पानावर येऊन पडतात, तेव्हा तिथली यादी जशीच्या तशी उतरवून घेऊ नका.

इशारा: रॅपरने खरं नाव जाहीर केलेलं नसेल, तर ते तुम्हाला शाळेपासून माहीत असलं तरी छापू नका.

## टप्पा २: जन्म, गाव आणि वय

आपल्याकडे सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि कारण आपल्या बोलण्यातच आहे. "तुझो गाव खंयचो?" असं विचारलं की कोकणी माणूस मूळ गाव सांगतो. जिथे देवघर आहे, जिथे गणपती येतो, जिथे भावकीची जमीन आहे, ते गाव. जन्म परळच्या इस्पितळात झाला असेल, शाळा लालबागला झाली असेल, तरी उत्तर कणकवली तालुक्यातलंच येईल. तो खोटं बोलत नाही. आपण प्रश्न चुकीचा विचारलेला असतो.

दोन वर्षांपूर्वी मी स्वतः हेच केलं. एका मुलाच्या नावापुढे "जन्म: कणकवली" छापून मोकळा झालो. अंक घेऊन त्याच्या घरी गेलो तर त्याच्या आईने तिथेच सांगितलं, "तो वेंगुर्ल्याक झालो, माझ्या म्हायेरात." पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत, आणि ती मला ठाऊक असूनही सुचली नाही. तेव्हापासून मी चार प्रश्न वेगवेगळे विचारतो:

- तू जल्माक खंय इलस? (जन्म कुठे झाला?)
- लहानपणी राहिलास कुठे, शाळा कुठली?
- मूळ गाव कुठलं?
- आता राहतोस कुठे?

चारही उत्तरं वेगळी आली तरी चारही खरी असू शकतात. लेखात कुठलं उत्तर कुठल्या शब्दाने लिहायचं, एवढंच सांभाळायचं. 'मूळचा', 'जन्मलेला', 'वाढलेला', 'राहणारा' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरायचे नाहीत. ही गल्लत जगभर होते. अमेरिकी रॅपर एमिनेम डेट्रॉइटचा म्हणून ओळखला जातो, पण त्याचा जन्म मिसुरी राज्यातल्या सेंट जोसेफचा, १७ ऑक्टोबर १९७२ चा.

'कर' लावलेल्या आडनावावरून गाव काढू नका. त्या गावातून घराणं चार पिढ्यांमागे उठलेलं असू शकतं.

गावाचं नाव कळलं की तालुका विचारा. माणगाव रायगडात तालुक्याचं ठिकाण आहे आणि कुडाळ तालुक्यातही एक माणगाव आहे. नांदगाव कणकवलीत आहे, मुरूडला आहे आणि नाशिक जिल्ह्यातही आहे. जिल्हा लिहिताना साल बघा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, म्हणून डहाणूला २००० साली जन्मलेल्या मुलाच्या जुन्या कागदावर ठाणे जिल्हा असणार. तो कागद चुकीचा नाही. सिंधुदुर्ग १ मे १९८१ ला रत्नागिरीतून निघाला. एखाद्या रॅपरच्या वडिलांचं किंवा शाहीर आजोबांचं जन्मस्थळ लिहाल तेव्हा हे उपयोगी पडेल.

वयाबद्दल एक गोष्ट. जन्मतारीख १ जून दिसली की पुन्हा विचारा. शाळेत नाव घालताना नेमकी तारीख सांगता आली नाही तर गुरुजी १ जून लिहीत, आणि तीच तारीख दाखल्यावरून पुढे आधार कार्डावर गेली. खरोखर १ जूनला जन्मलेली माणसंही असतात, म्हणून गृहीत काहीच धरू नका. जन्मदाखला त्याच्याकडेच मागा. ग्रामपंचायतीत ओळख काढून त्याच्या पाठीमागे कागद पाहू नका.

तपासा: वय छापायचं असेल तर वय न लिहिता जन्मसाल लिहा. अंक वर्षभर घरात राहतो.

## टप्पा ३: गाणं नेमकं कधी आलं

एका गाण्याला चार तारखा असतात: ध्वनिमुद्रणाची, रीलवर तुकडा टाकल्याची, ऑडिओ ॲपवर आल्याची आणि व्हिडिओची. 'पहिलं गाणं २०१९' असं लिहिताना यातली कुठली, ते आधी ठरवा. मी सार्वजनिकरीत्या पूर्ण गाणं प्रथम ऐकायला मिळालं ती तारीख धरतो, आणि तसं लिहितो.

'मेरे गली में' हे मुंबईचे रॅपर डिव्हाइन आणि नेझी यांचं गाणं २०१५ चं. त्याचं चित्रपटातलं रूप २०१९ चं. १४ फेब्रुवारी २०१९ ला प्रदर्शित झालेल्या 'गली बॉय'मुळे अनेकांच्या डोक्यात २०१९ च बसलं, आणि गाणं चार वर्षांनी तरुण झालं.

आता पडताळणीचा क्रम:

१. यूट्यूबवर व्हिडिओच्या वर्णनातली पूर्ण तारीख पाहा. 'पाच वर्षांपूर्वी' एवढ्यावर भागवू नका.

२. त्याच गाण्याचं नुसतं मुखचित्र असलेलं, वितरकाकडून (गाणी ॲपवर पोहोचवणाऱ्या कंपनीकडून) आपोआप चढलेलं पान शोधा. त्याच्या वर्णनात वितरकाचं नाव आणि 'रिलीज्ड ऑन' अशी तारीख असते. दोन तारखांत फरक असेल तर का, हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

३. आयएसआरसी क्रमांक पाहा. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला १२ अक्षरांचा हा क्रमांक असतो: पहिली दोन अक्षरं देशाच्या नावाची, पुढची तीन नोंदणी करणाऱ्याची, मग सालाचे दोन अंक, मग पाच आकडी अनुक्रम. आयएफपीआय या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या शोध-पानावर तो सापडतो. यातलं साल क्रमांक दिल्याचं असतं, गाणं आल्याचं असेलच असं नाही. देशाच्या अक्षरांवरूनही निष्कर्ष काढू नका. वितरक परदेशी असेल तर कुडाळच्या खोलीत रेकॉर्ड झालेल्या गाण्यालाही अमेरिकेची अक्षरं मिळतात.

४. चॅनेल हॅक झालं, जुनं बंद पडलं, कॉपीराइटच्या तक्रारीमुळे गाणं उतरवलं आणि पुन्हा चढवलं, असं घडलंय का ते विचारा. असेल तर दिसणारी तारीख नंतरची आहे. वेबॅक मशीन या जुनी वेबपानं साठवणाऱ्या संकेतस्थळावर जुन्या दुव्याची प्रत मिळते का पाहा.

गाणं शुक्रवारी आलेलं दिसलं तर ते ठीकच आहे. १० जुलै २०१५ पासून जगभर नवी गाणी शुक्रवारी काढायची पद्धत पडली. आपल्याकडे शुक्रवार उजाडतो तेव्हा अमेरिकेत गुरुवारच असतो, म्हणून परदेशी पानावर एक दिवस मागची तारीख दिसू शकते.

### व्हिडिओतल्या खुणांवरून साल

हे काम मला मनापासून आवडतं, कारण यात आपलं गाव ओळखीचं असल्याचा उपयोग होतो. कॅमेऱ्यात आलेली जागा साल सांगते. व्हिडिओत मालवणच्या राजकोटावरचा शिवरायांचा पहिला पुतळा उभा दिसत असेल, तर चित्रीकरण ४ डिसेंबर २०२३ ते २६ ऑगस्ट २०२४ यांमधलं आहे. त्याच जागी नवा पुतळा २०२५ मध्ये उभा राहिला, तेव्हा दोघांतला फरक ओळखता आला पाहिजे. चिपी विमानतळ प्रवाशांसाठी ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, म्हणून "२०१९ मध्ये चिपीला उतरलो तेव्हा ओळी सुचल्या" ही आठवण टिकत नाही.

वादळांची आणि पुरांचीही गल्लत होते. 'निसर्ग' चक्रीवादळ ३ जून २०२० ला रायगड किनाऱ्यावर आलं. तौक्ते मे २०२१ मध्ये आपल्या किनाऱ्याला घासून वर गेलं. चिपळूणचा महापूर २२ जुलै २०२१ चा, पण जुलै २००५ चाही आहे. "पुरात लिहिलेलं गाणं" म्हटलं की कुठला पूर, हे विचारायलाच हवं. त्याचप्रमाणे एप्रिल २०२० मधल्या गर्दीच्या स्टेज शोचा फोटो समोर आला तर तारीख चुकली आहे. २५ मार्च २०२० पासून देश टाळेबंदीत होता.

इशारा: खुणेवरून चित्रीकरणाचा काळ कळतो, गाणं प्रसिद्ध झाल्याचा नाही.

## टप्पा ४: गाणं कोणाचं?

ओळी लिहिणारा, बीट (ओळींखाली वाजणारं संगीत) बनवणारा, हुक (पुन्हा पुन्हा येणारी ओळ) गाणारा आणि मिक्सिंग-मास्टरिंग (आवाजांची शेवटची जुळणी) करणारा हे चार जण असू शकतात. 'स्वतः संगीतबद्ध' हे शब्द लिहिण्याआधी थेट विचारा: बीट कोणाचं? विकत घेतलं, भाड्याने घेतलं की स्वतः बनवलं? यूट्यूबवर 'अमक्या टाइप बीट' नावाने मिळणारं बीट भाड्याने घेतलं असेल तर तेच बीट आणखी वीस जणांच्या गाण्यात असू शकतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, नवे रॅपर सगळीकडे असंच शिकतात. पण बीट बनवणाऱ्याचं श्रेय रॅपरच्या नावावर टाकणं हा त्या बनवणाऱ्यावर अन्याय आहे.

श्रेयाच्या ओळीत वर्तुळातला 'पी' दिसतो, तो ध्वनिमुद्रणाचा हक्क कोणाकडे ते सांगतो. वर्तुळातला 'सी' शेजारी असतो, तो मुखचित्रासारख्या इतर गोष्टींचा. या दोन्हींपैकी एकही गीतकार कोण ते सांगत नाही. गीत-संगीताच्या हक्कांची नोंद आयपीआरएस या संस्थेकडे असते, पण नवखी मुलं तिचे सभासद नसतात. नोंद सापडली नाही म्हणून गाणं त्याचं नाही असं ठरवू नका.

ओळी उद्धृत करायच्या असतील तर गीतांच्या संकेतस्थळांवरून उचलू नका. तिथला मजकूर ऐकणाऱ्यांनीच उतरवलेला असतो, आणि मालवणी, संगमेश्वरी, आगरी किंवा कोकणी मुसलमानांची बोली न समजणारा काय लिहील सांगता येत नाही. त्या बोलीचा माणूस शेजारी बसवून ऐका, मग रॅपरकडून ओळ तपासून घ्या. आणि बोलीचं नावही नीट लिहा. राजापूरच्या पलीकडची प्रत्येक बोली मालवणी नसते.

'पहिला' हा शब्द शक्यतो गाळाच. 'पहिला मालवणी रॅपर' असं पाच जणांबद्दल छापलेलं मी पाहिलं आहे. त्यांच्याआधी कोणी मोबाईलवर रेकॉर्ड करून टाकलंच नसेल, हे सिद्ध करणार कसं? आपल्या शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्यांत समोरच्याला शब्दांनी गारद करणारे शाहीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांना बाजूला ठेवून 'पहिला' लिहायला माझा हात तरी धजत नाही.

व्हॉट्सअॅपवर आलेलं 'न प्रसिद्ध झालेलं' गाणं पुरावा म्हणून धरू नका. एप्रिल २०२३ मध्ये ड्रेक आणि द वीकेंड या गायकांच्या आवाजातलं एक गाणं जगभर फिरलं, आणि ते आवाज यंत्राने बनवलेले निघाले. रॅपरच्या स्वतःच्या चॅनेलवर नाही ते त्याचं नाही, असं धरून चाला, आणि त्यालाच विचारा.

## टप्पा ५: आकडे आणि मान

१ एम म्हणजे १० लाख, १ कोटी नव्हे. १ बी म्हणजे १०० कोटी. तुम्हाला हे पाठ असेल, पण घाईत भलीभली माणसं चुकतात.

व्ह्यूज छापताना तारीख जोडा. स्पॉटिफायवरचे मासिक श्रोते म्हणजे मागच्या २८ दिवसांतले वेगवेगळे ऐकणारे. ते 'फॉलोअर' नाहीत आणि गाणं ऐकलं गेल्याची संख्याही नाही. रीलवर गाणं वाजलं त्याचे आकडे यूट्यूबच्या आकड्यात मिळवू नका.

पुरस्कारात 'विचारासाठी पाठवलं' आणि 'नामांकन मिळालं' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ग्रॅमीसाठी गाणं पाठवणारे हजारो असतात. नामांकनांची यादी पुरस्कार देणाऱ्या संस्थेच्या पानावर असते, तिथे नाव नसेल तर विषय संपला.

## टप्पा ६: मुलाखत, कागद पाहून झाल्यावर

आता त्याला भेटा. हातात तक्ता असू दे आणि फक्त पिवळ्या-लाल ओळींवर बोला. "यूट्यूबवर मार्च दिसतोय, तू जानेवारी म्हणालास, मध्ये काय झालं?" असं विचारलं की माणूस आठवून सांगतो. "तुझा प्रवास सांग" म्हटलं की तो पाठ झालेली गोष्ट सांगतो.

रॅपमधला 'मी' म्हणजे लिहिणारा माणूसच, असं समजू नका. डिस ट्रॅकमधली (दुसऱ्याला डिवचणाऱ्या गाण्यातली) फुशारकी, भूक, तुरुंग, मारामारी यातलं काय घडलेलं आणि काय रचलेलं, ते विचारल्याशिवाय जीवनचरित्रात घालायचं नाही. 'गली बॉय' डिव्हाइन आणि नेझीच्या आयुष्यांवरून प्रेरित आहे, पण ती कल्पित कथा आहे. चित्रपटाचा नायक मुराद याच्या घरातलं भांडण नेझीच्या घरात झालं असं लिहिणारे लेख आजही फिरतात.

घरच्यांशी बोलायचं तर त्याला सांगून बोला. काकी चहा देतात, मनातलं बोलतात, आणि त्यांना हे छापलं जाणार आहे याची कल्पना नसते. बसल्या बसल्या आधी सांगून टाका.

## टप्पा ७: पोलीस, कोर्ट आणि मृत्यूची बातमी

इथे घाई केली तर माणसाचं नुकसान होतं.

'नोटीस आली', 'गुन्हा नोंद झाला', 'ताब्यात घेतलं', 'अटक झाली', 'आरोपपत्र दाखल झालं', 'दोषी ठरला' हे सहा वेगळे प्रसंग आहेत. पोलिसांनी चौकशीला बोलावलं म्हणजे अटक नव्हे. एफआयआर म्हणजे तक्रारीची नोंद, निकाल नव्हे. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर संवेदनशील नसलेल्या एफआयआर पाहता येतात आणि ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर खटल्याची सद्यस्थिती. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू आहेत, म्हणून त्याआधीच्या आणि नंतरच्या प्रकरणांत कलमांचे क्रमांक वेगळे दिसतील. जुनी बातमी सापडली तर प्रकरणाचं पुढे काय झालं हे पाहिल्याशिवाय ती छापू नका. सुटका झाली असेल तर तेही त्याच परिच्छेदात आलं पाहिजे.

मृत्यूबाबत घटनेची तारीख आणि बातमीची तारीख वेगळ्या पाहा. अमेरिकेत राहिलेला रॅपर एमएफ डूम ३१ ऑक्टोबर २०२० ला गेला, जगाला कळलं ३१ डिसेंबरला. अमेरिकी रॅपर टुपाकवर गोळीबार झाला ७ सप्टेंबर १९९६ ला, मृत्यू १३ सप्टेंबरला. मृत्यूनंतर गाणी येत राहतात म्हणून अफवांना बळ मिळतं. पंजाबी रॅपर सिद्धू मूसेवालाची हत्या २९ मे २०२२ ची, आणि त्याचं 'एसवायएल' हे गाणं पुढच्या महिन्यात आलं. घरच्यांनी, त्याच्या अधिकृत खात्याने किंवा पोलिसांनी सांगेपर्यंत आपण थांबायचं.

## टप्पा ८: छपाईआधी आणि नंतर

रॅपरला सगळा लेख वाचायला देऊ नका, मत बदलायचा आग्रह होतो. फक्त तथ्यांची यादी वाचून दाखवा: नावं, गावं, तारखा, आकडे, श्रेय. फोनवर नावाचं स्पेलिंग विचारता तसं देवनागरीतलं लेखनही विचारा. 'व्हिवियन' की 'विवियन' हे त्यानेच ठरवायचं.

मग लेखाची छापील प्रत काढा आणि प्रत्येक तथ्याखाली पेन्सिलीने रेघ मारा. रेघेखालच्या प्रत्येक गोष्टीला तक्त्यात हिरवी किंवा पिवळी खूण असली पाहिजे. मथळा, फोटोखालची ओळ आणि मुखपृष्ठावरचा मजकूरही यात धरा. आतला लेख बरोबर आणि फोटोखाली दुसऱ्याच मुलाचं नाव, असं शेवटच्या रात्री हमखास होतं.

चूक छापून गेलीच तर पुढच्या अंकात लेख होता त्याच विभागात दुरुस्ती द्या: काय छापलं, बरोबर काय, एवढंच. वेंगुर्ल्याची दुरुस्ती आम्ही गेल्या वर्षी दिली. मोबाईलवर फिरणाऱ्या प्रतीत मूळ ओळही बदलून घ्या, कारण पुढच्या वर्षी कोणीतरी तिथूनच उतरवणार. तक्ता आणि स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये घालून मंडळाच्या पुढच्या संपादकाच्या हवाली करा.